शरीराच्या वेशीवरचे जागले

गेल्या दिवाळीत पनवेलला एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो होतो. वहिनींनी ताटे पुढे ठेवली. यजमानांनी मात्र चकलीला हात लावला नाही. चिवडाही बाजूला सारला आणि बेसनाचा लाडू कुसकरून खाऊ लागले. मी विचारले, तेव्हा हसून म्हणाले, "हल्ली तिखट सोसत नाही. तोंडही पुरते उघडत नाही. वय झाले, दुसरे काय!"

वय अवघे पन्नास. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही तरी सांगा यांना. दिवसभर गालात सुपारी. डॉक्टरांकडे चला म्हटले, तर प्रतिकारशक्तीचे चूर्ण दाखवतात!"

चूर्णाची बाटली खरोखरच टेबलावर उभी होती. "प्रतिकारशक्ती भक्कम असली म्हणजे कसली भीती?" असा त्यांचा सवाल. मौज अशी, की या सवालाशी निगडित असे मोलाचे संशोधन त्यांच्या घरापासून फार दूर झालेले नाही. पनवेल तालुक्यातच, खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी टाटा मेमोरियल सेंटरची ॲक्ट्रेक ही कर्करोग-संशोधनाची संस्था आहे. पूर्वी परळला असलेली संशोधन संस्था २००२ साली येथे आली. तेथे काय पाहिले गेले, हे समजण्यासाठी आधी शरीराच्या बंदोबस्ताकडे वळू.

पनवेल म्हणजे नाका. मुंबईहून घाटावर जायचे असो की गणपतीला कोकणात, पनवेल ओलांडल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. शरीरालाही असे नाके आहेत. त्वचा, तोंड, आतडी, फुप्फुसे. बाहेरचे सारे येणेजाणे येथूनच. साहजिकच पहारा येथे कडक हवा.

हा पहारा दोन तऱ्हेचा, असे शाळेत शिकवतात. पहिले शिपाई जन्मजात. परका दिसला की सोटा हाणायचा, एवढेच त्यांना ठाऊक. दुसरे गुप्त पोलीस. ते एकेका जंतूचा चेहरा ओळखतात, त्याचा माग काढतात आणि तो पुन्हा आला तर विसरत नाहीत. पूर्वी देवीची लस टोचत, आज गोवराची टोचतात, ती यांच्याच भरवशावर. पण नव्या चोराची ओळख पटवून फौज जमवायला त्यांना काही दिवस लागतात.

मग मधले दिवस कोण सांभाळतो? जुन्या गावगाड्यात एक जागल्या असे. चोराचे नाव-गाव त्याला ठाऊक नसे. पण कुणाचे कुत्रे अवेळी भुंकले, कुणाच्या दाराची कडी उघडी राहिली, हे त्याला बरोबर कळे. वरिष्ठांच्या हुकुमाची वाट न पाहता तो काठी घेऊन धावे. शरीरातही असे जागले आहेत. कूळ गुप्त पोलिसांचे, वागणूक मात्र शिपायांची. त्यांतल्या एका जातीचे नाव गॅमा-डेल्टा टी-पेशी.

त्यांचा शोधही गमतीचा आहे. १९८४ साली अमेरिकेत सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत दुसऱ्याच एका जनुकाचा शोध चालू असताना गॅमा जनुक हाती लागले. त्याचा उपयोग कोणालाच ठाऊक नव्हता. दोन वर्षांनी, १९८६ साली, ते वापरणाऱ्या पेशी सापडल्या. म्हणजे आधी काठी मिळाली आणि मग जागल्या! रक्तातल्या शंभर टी-पेशींत या साधारण एक ते पाचच. आतड्याच्या अस्तरात मात्र त्यांची वस्ती पुष्कळ दाट असते. उंदरांच्या त्वचेत तर त्या जखम भरून काढणारी द्रव्येही सोडतात. त्या नसलेल्या उंदरांच्या जखमा भरायला वेळ लागतो. थोडक्यात, चोराला पिटाळून पडकी भिंत लिंपणारा हा जागल्या.

आता खारघरकडे येऊ. डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी अनेक वर्षे याच पेशींचा अभ्यास केला. पुढे त्या ॲक्ट्रेकच्या संचालकही झाल्या. आपल्या देशात तोंडाचा कर्करोग फार, तेव्हा त्यांनी प्रश्नही घरचाच घेतला. तोंडातल्या कर्करोगाची पेशी या जागल्यांना ओळखू येते का? पेशी संकटात सापडली, की काही विशिष्ट प्रथिने तयार करते. त्यांना हीट-शॉक प्रथिने म्हणतात. त्यांतले एक, साठ क्रमांकाचे, कर्करोगाच्या पेशींच्या अंगावर असते आणि गॅमा-डेल्टा पेशी नेमके तेच हेरतात, असे त्यांच्या गटाने १९९९ साली प्रसिद्ध केले. अवेळी भुंकणारे कुत्रे ते हेच! पुढे २०१० साली स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर त्यांनी आणखी एक प्रयोग केला. हाडांच्या विकारात देतात त्या जातीच्या औषधाने त्या पेशींत एक द्रव्य साठू लागते आणि जागल्यांना त्याचा वास लागतो. मग ते त्या पेशी नष्ट करतात. हे सारे प्रयोगशाळेतले, हे मात्र विसरू नये.

येथवर गोष्ट गोड आहे. पण २०१६ साली त्याच गटाने पित्ताशयाच्या कर्करोगाविषयी जे दाखवले, ते ऐकून माझे स्नेही खुर्चीत सावरून बसले. त्या रुग्णांत काही गॅमा-डेल्टा पेशी इंटरल्यूकिन-१७ नावाचे द्रव्य सोडत होत्या. त्यामुळे गाठीभोवती नव्या रक्तवाहिन्या फुटत आणि गाठीला रसद पोचे. ज्यांच्यात अशा पेशी अधिक, ते रुग्ण कमी दिवस जगले. जागल्याच चोराला कंदील दाखवू लागला म्हणायचा!

"म्हणजे चूर्णाने पहारेकरी वाढले, तरी ते कोणाच्या बाजूचे हे कोण सांगणार?" मी विचारले. स्नेही गप्प राहिले. सरसकट प्रतिकारशक्ती वाढवू म्हणणे हे गावात काठ्या वाटत सुटण्यासारखे आहे. कोणती पेशी, कोठे, कोणत्या संगतीत, हे पाहावे लागते. आणि जागल्या कितीही इमानी असला, तरी घरधन्यानेच रोज चोराला दार उघडून दिले, तर तो किती रात्री पुरणार? सुपारी-तंबाखूचे तोंडातले ठाण हे असेच उघडे दार.

पाडव्यानंतर वहिनींनी हट्टाने त्यांना डॉक्टरांकडे नेले. सुपारीने गालाची आतली कातडी आखडली होती. कर्करोग नव्हता. पण त्या वाटेवरचा मुक्काम होता. सुपारी कायमची बंद आणि ठरल्या मुदतीने तपासणी, असा हुकूम झाला. आखडलेली कातडी पूर्ववत होईलच असे नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

वाचकहो, तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम राहिली, तिखट झोंबू लागले किंवा तोंड उघडेनासे झाले, तर वयाला दोष देऊ नका. जागल्याने हाक घातली आहे असे समजा आणि उठा.

यंदाही फराळाचे बोलावणे आले आहे. वहिनींनी निरोपात कळवले, की चकली त्यांच्यासाठी अजून चहात बुडवूनच द्यावी लागते. पण पानाचा डबा माळ्यावर गेला, तो पुन्हा खाली आलेला नाही.