नेटचं सेटिंग मुलांना स्वतः करू द्या



बारावी झाली की आपली मुलं कॉलेजच्या हॉस्टेलवर जातात. आपण लॅपटॉप घेऊन देतो, पण तो तिथल्या नेटला जोडायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. मग मुलगा लॅपटॉप एखाद्या सीनियरच्या हातात देतो आणि सोबत आपला पासवर्डही सांगून टाकतो. काम होतं, पण पुढे त्या पासवर्डवर कुणी काहीही केलं तरी नोंद आपल्याच मुलाच्या नावावर होते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हे सेटिंग प्रत्येक मुलाने नववी-दहावीतच एकदा तरी स्वतःच्या हाताने केलेलं असावं.

यात समजून घ्यायच्या गोष्टी मोजून चार आहेत.

१) आयपी अ‍ॅड्रेस : नेटवर्कवरचा आपल्या कॉम्प्युटरचा पत्ता. ० ते २५५ मधले चार आकडे, मध्ये टिंब. दोन घरांना एकच पत्ता दिला तर पोस्टमन गोंधळेल. दोन कॉम्प्युटरना एकच आयपी दिला तरी तसंच होतं.

२) सबनेट मास्क : समोरचा कॉम्प्युटर आपल्याच गावातला की बाहेरगावचा, हे यावरून ठरतं.

३) गेटवे : गावाची वेस. बाहेर जाणारं सगळं इथूनच जातं.

४) डीएनएस : आपण साइटचं नाव टाइप करतो, हा त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देतो.

बऱ्याच कॅम्पसमध्ये हे सगळं आपोआप मिळतं. या सोयीला डीएचसीपी म्हणतात. तिथे सेटिंग 'ऑटोमॅटिक' ठेवायचं, बस्स. काही ठिकाणी कॉम्प्युटर विभाग आकडे लिहून देतो. ते जसेच्या तसे भरायचे, शेजारच्या मित्राचे उतरवून घ्यायचे नाहीत. काही कॅम्पसमध्ये प्रॉक्सीही भरावा लागतो, म्हणजे तिथला सर्व्हर आपल्या वतीने बाहेरून पान आणून देतो. हाच प्रॉक्सी तसाच ठेवून मुलगा सुट्टीत घरी आला की घरचं नेट चालत नाही, आणि आपण लॅपटॉप बिघडला म्हणून दुकानात नेतो! प्रॉक्सी बंद केला की काम झालं.

आता वर्गात काय करायचं? एक तास द्या. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' टाइप करायला लावा आणि समोर आलेले आकडे वहीत उतरवून घ्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला डीएचसीपीकडून पत्ता मिळालेलाच नाही, म्हणून आधी केबल किंवा वायफाय बघायचं. मग 'पिंग' करून गेटवेपर्यंत पोचतो का ते पाहायचं. नंतर एका कॉम्प्युटरवर मुद्दाम चुकीचा डीएनएस भरून ठेवा. गेटवे उत्तर देतो, पण साइट उघडत नाही. असं का? मुलांना शोधू द्या. हा शोध फळ्यावरच्या दहा व्याख्यांपेक्षा जास्त शिकवतो.

"मुलं सेटिंग बिघडवतील हो!" असं काही शिक्षक म्हणतील. बिघडवू द्या की! मूळ आकडे आधीच वहीत आहेत, पाच मिनिटांत परत भरता येतात. उलट सगळे आकडे एकाच सरांच्या डायरीत असले, तर ते रजेवर गेल्यावर अख्खी लॅब बंद पडते. त्यात नुकसान जास्त आहे.

पालकांनाही एक विनंती. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, इथे नेट चालत नाहीये," तर लगेच "कुणाकडून तरी करून घे" म्हणू नका. "आयपी काय दाखवतोय गं?" एवढं विचारा. उत्तर तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. ते बघायला ती स्वतः सेटिंग उघडेल आणि तिचा पासवर्ड तिच्याकडेच राहील.