टेकड्यांची यादी

कळसूबाईचे १६४६ मीटर मुखोद्गत असलेल्या आपल्या समाजाला बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील मुरमाड टेकड्यांची साधी गणतीही करावीशी वाटू नये, याचे कारण समुद्रसपाटीपासूनच उंची मोजण्याच्या सवयीत आहे. कारण जे पठारच सुमारे पाचशे मीटर उंच, तेथे तो आकडा टेकडीचा नसून बहुतांशी पठाराचा असतो. टेकडीचे स्वत्व कळते ते उठावावरून, म्हणजे तिच्या माथ्यावरून अधिक उंच भूमीकडे जाताना कमीत कमी जितके खाली उतरावे लागते, त्यावरून. वेल्समधील हौशी मोजणीदारांनी ३० मीटर उठावाची अट घालून लहान टेकड्यांच्या याद्या रचल्या. २००८ साली फेरमोजणीत मनिध ग्रैग गोख ही टेकडी ६०९.७५ मीटर, म्हणजे दोन हजार फुटांहून किंचित अधिक भरली, तेव्हा तिला पर्वतांत बढती मिळाली.

आमच्याकडे फेरमोजणीची निकड याहून मोठी, कारण येथे टेकडीच बदलते. रस्त्याला, बंधाऱ्याला, घराच्या जोत्याला मुरूम हवा. आणि वीस मीटर अंतराच्या समोच्च रेषांमधून एखादी बुटकी टेकडी नाहीशी झाली तरी दप्तरी तिचा मागमूस नसतो. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकारांस निदान राजपत्राचा आधार आहे. बाहेरच्या उघड्या माळांस तोही नाही.

यास्तव उठावाची अट येथे १५ मीटरांवर आणावी, महाविद्यालयांच्या भूगोल विभागांनी मोजणी करावी, दर पाच वर्षांनी यादी तपासावी, आणि मुरूम उपशाचा परवाना देण्यापूर्वी तहसील कचेरीने ती उघडून पाहावी.