वीस घोडे, एक भोंगा

कामावरून नाव मिळालं आणि पुढं नेमकं उलटं काम पत्करलं, अशा वस्तूंची यादी केली तर पहिला मान सायलेन्सरला द्यावा लागेल. सायलेन्सर म्हणजे आवाज गप्प करणारा. छत्रीनंच डोक्यावर पाणी ओतावं किंवा चाळणीनंच पिठात खडे मिसळावेत, तसा हा प्रकार आहे. रात्री साडेअकराला आमच्या गल्लीतून एक बुलेट जाते. तिच्या आवाजानं समोरच्या बिल्डिंगमधलं तीन महिन्यांचं बाळ उठतं, बाळाला घेण्यासाठी आई उठते, आईला सल्ला देण्यासाठी आजी उठते आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या दोन मोटारी चोर आल्याच्या समजुतीनं केकाटू लागतात. एवढ्या लोकांना एकदम उठवण्याचं काम पूर्वी फक्त भूकंप करीत असे.

बुलेटशी माझं वैर नाही, हे आधीच सांगून टाकतो. १९५५ पासून मद्रासला तयार होणाऱ्या या गाडीचा मूळ आवाज मला आवडतो. फौजदारसाहेब किंवा गावचे डॉक्टर वळणावर आले की तो डुगडुग आवाज ओळखू यायचा. भारदस्त माणसानं घसा खाकरावा तसा. पण खाकरणं वेगळं आणि कानाशी येऊन बोंब मारणं वेगळं. कंपनीनं दिलेला सायलेन्सर काढून त्याजागी पोकळ नळकांडं बसवणाऱ्यांना हा फरक कळत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका चिरंजीवांना मी एकदा विचारलं, "अरे, हे कशासाठी?"

"काका, आवाजाचं सोडा हो! पॉवर वाढते."

"कुणी सांगितलं?"

"गॅरेजवाल्यानं."

नळकांडं विकणाराच त्याचे गुण सांगणार, यात नवल ते काय! पण आपण हिशेब करू. आजची ३५० सीसीची बुलेट साधारण वीस अश्वशक्तीची. धूर बाहेर जाण्याची वाट मोकळी केली की इंजिनाला तो ढकलायला कष्ट कमी पडतात, हे खरंच आहे. पण नळीची लांबी, जाडी आणि तिच्यातून उलट येणारी दाबाची लाट यांचा मेळ कंपनीच्या इंजिनिअरांनी घातलेला असतो. तो मोडला की गाडी अगदी भरधाव असताना कदाचित थोडा फायदा होतो, आणि सिग्नलवरून उठताना तोटा. शिवाय हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं. ते नीट जुळवून घ्यायचं तर इंजिनाचं सगळंच गणित नव्यानं मांडावं लागतं. नुसतं नळकांडं बदलून भागत नाही. एवढं सगळं करून वीस घोड्यांत भर पडली तर एखाद्या शिंगराची. आणि त्या शिंगराच्या बारशासाठी सगळा गाव जागा!

त्यातून ते 'फटाके'. जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाडीवर चालता चालता बटण दाबून इंजिन क्षणभर बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं. मधल्या वेळात न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळकांड्यात जाऊन तिथं पेटतं आणि बंदुकीसारखा बार होतो. म्हणजे ज्या पेट्रोलनं पिस्टन ढकलायचा, ते पिस्टनला वळसा घालून बाहेरच्या ओसरीवर जळतं. शंभर रुपये लिटरच्या वर गेलेलं पेट्रोल असं जाळून हे लोक पुन्हा 'पॉवर'च्या गोष्टी सांगतात. स्वयंपाक अंगणात सांडून जेवण वाढल्याचं सांगावं, त्यातलाच हा हिशेब.

यांचा दुसरा शत्रू म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. "ते गाडीचा श्वास कोंडतं काका, काढून टाकायचं!" हे 'ते' म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची एक वडी. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा पातळ लेप असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड या पोळ्यात शिरतो आणि बराचसा कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. न जळलेल्या पेट्रोलचीही तिथंच विल्हेवाट लागते. आपल्याकडं १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत पेट्रोलच्या नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. ज्या घरात आईच्या पाटल्या मोडायला काढल्या तर आठवडाभर चूल पेटत नाही, त्याच घरातले चिरंजीव प्लॅटिनम काढून देऊन लोखंडी नळी घेऊन येतात! गॅरेजवाला ते जुनं पोळं हळूच आत ठेवून देतो. मध कुठं असतो हे त्याला माहीत असतं.

या पंथाचं मूळ पीठ अमेरिकेत. तिथं साठीच्या दशकात 'मसल कार' म्हणजे पहिलवान मोटारींचं वेड होतं. १९७० च्या शेव्हेलचं सर्वांत दांडगं इंजिन त्या वेळच्या मोजमापानं ४५० अश्वशक्तीचं होतं. त्याच वर्षी स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला, १९७५ च्या मॉडेलांपासून कन्व्हर्टर आले, आणि शौकिनांनी सुतक पाळलं. त्यांचं सगळंच खोटं नव्हतं. सुरुवातीचे कन्व्हर्टर खरोखरच वाट अडवणारे होते, आणि १९७५ च्या साध्या कॉर्व्हेटची अश्वशक्ती १६५ वर आली होती; अर्थात त्यात बदललेल्या मोजमापाचा आणि मवाळ केलेल्या इंजिनाचाही हात होता. पण पुढं काय झालं ते आपले चिरंजीव सांगत नाहीत. इंजिनिअर लोकांनी चाळीस वर्षं डोकं चालवलं आणि २०१५ ची डॉज चॅलेंजर हेलकॅट, कन्व्हर्टर पोटात ठेवून, ७०७ अश्वशक्तीची निघाली! म्हणजे पॉवर डोकं चालवून वाढते, पान्हा चालवून नव्हे.

आवाजाचा मोह मात्र पॉवरच्याही पलीकडचा. याच डॉजनं २०२२ साली विजेवर चालणारी चार्जर दाखवली. पेट्रोल नाही, धूर नाही, त्यामुळं सायलेन्सरचं कामच नाही. तर मागच्या बाजूला मुद्दाम आवाज काढणारी यंत्रणा बसवली आणि १२६ डेसिबल आवाज होतो म्हणून अभिमानानं सांगितलं! धूर गेला, पॉवर विजेतून आली, तरी बोंब हवीच. पॉवर हे निमित्त आहे हो. खरा नवस बोंबेचाच.

तिसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा. "आवाज असला की लोक बाजूला होतात." आता सायलेन्सरचं तोंड असतं मागं. समोरून काचा लावून येणाऱ्या ट्रकवाल्यापेक्षा तो आवाज मागं राहिलेल्यांनाच जास्त ऐकू येतो. जे मागं पडले त्यांच्यापासून कसली सुरक्षितता? आणि पुढच्यांसाठी हॉर्न नावाची वस्तू कंपनीनं फुकट दिलेली असते.

कायदा नाही असं नाही. राहत्या वस्तीत रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. इस्पितळाभोवती शंभर मीटरचा शांतता विभाग आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाच्या आणि धुराच्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेली नळकांडी रस्त्यावर ओळीनं मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवला. दृश्य मोठं समाधानाचं. पण कंपनीचा सायलेन्सर घरी माळ्यावर जपून ठेवलेला असतो. तपासणीपुरता तो खाली येतो, आणि काम झालं की पुन्हा माळ्यावर जातो. पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशांसारखा.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. या हौसेचं बिल जे भरतात, त्यांना भांडता येत नाही. ते बाळ तक्रार कुठं नोंदवणार? तळमजल्यावरचे आजोबा बायपास होऊन घरी आलेत. आवाज आला की ते छातीवर हात ठेवून तो जाईपर्यंत थांबतात, आणि तोवर मोटरसायकल दुसऱ्या गल्लीत पोचलेली असते. शेजारची नर्स रात्रपाळी करून दिवसा झोपते. तिची रात्र तर कायद्याच्या घड्याळातही बसत नाही. आपल्या पैशानं कुणी काय विकत घ्यावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण इथं पैसे याचे जातात आणि झोप दुसऱ्याची जाते. या व्यवहाराला हौस म्हणत नाहीत, साधी चोरी म्हणतात. चोर निदान पाय न वाजवता येतो.

आणि आपण घरी पोचलो हे साऱ्या गल्लीला कळवायचंच असेल, तर सरळ दवंडी पिटावी. दवंडीवाला पायी चालतो, पेट्रोल जाळत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडं सांगण्यासारखं काहीतरी असतं. ते सांगून झालं की तो गप्प बसतो.