श्रमप्रतिष्ठा आणि अरेरे

परवा कँटीनमधे पुन्हा तोच विषय. एकाचा भाचा अमेरिकेत शाळा सांभाळून पिझ्झाच्या दुकानात काम करतो. "याला म्हणतात श्रमप्रतिष्ठा! नाहीतर आपली पोरं, आयतोबा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि मग स्वतःचाच राग आला.

आयतोबा? आमच्या रोहण्याला या एकदा. दिवाळीनंतर अकरावी-बारावीची पोरंपोरी सुट्टीच्या दिवशी कापूस वेचायला जातात. किलोवर मजुरी, संध्याकाळी काटा. कुणी झेरॉक्सच्या दुकानात, कुणी लग्नसराईत वाढपी. पण याला 'पार्टटाईम जॉब' कुणी म्हणत नाही. शहरातली मंडळी ऐकून "अरेरे" म्हणतात. म्हणजे तिकडे केलं तर संस्कार आणि इकडे केलं तर बिचारा!

मी अकरावीत मोबाईल रिचार्जच्या दुकानात बसायचो. कॉलेज सुटल्यापासून रात्री दहापर्यंत. बारावीच्या परीक्षेआधी महिनाभर सुट्टी मागितली, तर मालक शांतपणे म्हणाला, "मंग येऊच नको बे उद्यापासून. पोट्टे भेटते दुसरे." वाईट माणूस नव्हता तो. त्याला तसं करू नये असं कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही नाही.

अमेरिकेचं कौतुक करताय ना, मग पूर्ण करा. तिथला कायदा 14-15 वर्षांच्या मुलाला शाळेच्या दिवशी 3 तासांपेक्षा जास्त राबवू देत नाही. आणि आपला? अहो, आपलाही आहे की! 1986 चा बालमजुरीचा कायदा, त्यात 2016 ची दुरुस्ती. 14 च्या आतल्यांना मजुरीला लावायला बंदी. 14 ते 18 च्या मुलांना धोक्याचं नसलेलं काम चालतं, पण मधल्या सुट्टीसकट दिवसाला 6 तास, संध्याकाळी 7 नंतर नाही, आणि आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. दुकान, हॉटेल, शेत, सगळं त्यात येतं.

"असं केलं तर पोरांना कामावर ठेवेल कोण?" हा ठरलेला प्रश्न. अरे, एकाच्या जागी दोघं ठेवा, अर्धा-अर्धा वेळ. एकाची परीक्षा आली की दुसरा सांभाळेल. आम्ही कंपनीत एकाच्या रजेवर दुसरा बसवतो, त्यात काय मोठं?

1937 साली आपल्याच वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताचं काम हा शिक्षणाचा पाया मानला. त्याच जिल्ह्यात पोराला काम आणि परीक्षा यातलं एक निवडावं लागतं. लाज वाटते की नाही?

असो. पुढच्या वेळी दुकानात कॉलेजचं पोरगं दिसलं तर "अरेरे" करू नका. "किती वाजता सुटतोस रे?" एवढंच विचारा. मालकाला ऐकू जाईल असं.