बर्फाचे दिवस आधी मोजा, पैसे मागाहून

व्यापाराच्या पानावर स्कीइंगचा विषय पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाणे हा पैसेवाल्यांच्या हौसेचा खेळ. त्याचा रोजीरोटीशी काय संबंध, असे कोणीही विचारील. परंतु काश्मिरात गुलमर्ग आणि त्याच्या पायथ्याचे टंगमर्ग येथे अनेक मुस्लिम घरांची चूल याच उतारावर पेटते. स्की शिकवणारे उस्ताद, परदेशी पाहुण्यांना डोंगरावर नेणारे वाटाडे, स्की आणि बूट भाड्याने देणारे दुकानदार, स्लेज ओढणारे मजूर, घोडेवाले, हॉटेलात राबणारी पोरे, या सर्वांची वर्षाची गणिते हिवाळ्याच्या तीन महिन्यांवर उभी असतात.

यांपैकी जे स्वतः स्की करतात, त्यांच्यापुढे दर हंगामात एक प्रश्न उभा राहतो. बर्फाचे दिवस मोजकेच. त्यांतले किती दिवस गिऱ्हाइकाला विकायचे आणि किती दिवस स्वतः स्कीइंग करण्यासाठी राखायचे? सगळे विकले तर हातचे कसब गंजते. सगळे राखले तर घरचे डबे रिकामे राहतात. आमचे मत असे की, कसबासाठी राखलेले दिवस ही चैन नसून ते भांडवल आहे. मात्र भांडवलाचाही हिशेब लागतो, आणि तो पहिला बर्फ पडण्यापूर्वीच मांडला पाहिजे.

तीन महिन्यांचा बाजार

गुलमर्ग श्रीनगरहून सुमारे 50 किलोमीटरवर आहे. 1927 साली ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी येथे स्की क्लब काढला, तेव्हापासून हा खेळ येथे रुजला. 1998 साली गोंडोलाचा, म्हणजे दोरावरून चालणाऱ्या पाळण्यांचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत सुरू झाला आणि 2005 साली दुसरा टप्पा थेट अफरवत डोंगरावर, सुमारे 13 हजार फुटांवर पोहोचला. त्यानंतर ताज्या, भुसभुशीत बर्फासाठी जगभरचे स्कीवाले येथे येऊ लागले आणि धंद्याला नवे वळण मिळाले.

पण बाजार वाढला तरी दिवस वाढले नाहीत. डिसेंबरच्या 21 तारखेला चिल्लई कलांचे चाळीस दिवस सुरू होतात, त्यापुढे चिल्लई खुर्दचे वीस आणि चिल्लई बच्चाचे दहा. हेच सत्तर दिवस मुख्य कमाईचे. मागेपुढे थोडे धरले तर मार्चच्या मध्यापर्यंत काम चालते. त्यातही आता भरवसा उरलेला नाही. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार उघडेबोडके होते. बर्फ पडला तो महिन्याच्या अगदी अखेरीस. 2025 साली खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा पुरेशा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावा लागला. 2019 च्या ऑगस्टनंतर पर्यटक आटले, 2020 च्या मार्चमध्ये महामारीने दार लावले, आणि 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामला निरपराध माणसांची हत्या झाल्यावर साऱ्या खोऱ्यातील धंदा बसला. असा हा बाजार. त्यात उभा राहणारा माणूस "येईल ते गिऱ्हाईक घ्या" असे म्हणू लागला, तर त्याला दोष कसा द्यावा?

उतारावर उभे राहणे म्हणजे स्कीइंग नव्हे

दोष नाही, पण नुकसान आहे. शिकवणारा उस्ताद दिवसभर काय करतो ते पाहावे. खालच्या सपाट उतारावर नवख्या पाहुण्याचे हात धरून तो उलट्या पावली चालतो, पडलेल्याला उठवतो, निसटलेली पट्टी पुन्हा बांधतो, फोटो काढून देतो. संध्याकाळी खिशात मजुरी असते, पण त्या दिवशी त्याने स्वतः दोन वळणेही नीट घेतलेली नसतात. असे हंगामामागून हंगाम गेले की पाहणाऱ्याला वाटते, हा वीस वर्षे स्कीइंग करतो आहे. खरे तर तो वीस वर्षे उतारावर उभा आहे.

बाजारात किंमत कशाला आहे? नवख्याला उभे राहण्यापुरते शिकवणारे पुष्कळ असतात, म्हणून तेथे दरात ओढाताण होते. अफरवतच्या वरच्या अंगाला, आखलेल्या उताराबाहेर पाहुण्यांना सुखरूप नेऊन आणणारे थोडे असतात, आणि त्यांची मजुरी जास्त असते. ते काम नुसत्या धाडसाने जमत नाही. बर्फाचे थर ओळखावे लागतात, वाऱ्याने कोठे ढीग साचवला आहे ते कळावे लागते, दबलेल्या माणसाला यंत्राने शोधून मिनिटांत उकरून काढण्याचा सराव हातात असावा लागतो. 1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवतवर हिमस्खलनात पोलंडचे दोघे पाहुणे दगावले. 22 फेब्रुवारी 2024 रोजी एका रशियन पाहुण्याचा जीव गेला. या डोंगरावर अपुरी तयारी आणि कमाईची घाई यांची सांगड किती महाग पडू शकते, हे समजण्यास आणखी दाखले नकोत. जो माणूस आपले सरावाचे दिवस विकून टाकतो, तो उद्याची वाढीव मजुरी तर विकतोच, शिवाय पाहुण्याच्या जिवाची अमानत सांभाळण्याची ताकदही विकतो.

हौसेलाही हद्द हवी

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. युरोप-अमेरिकेत स्कीइंगच्या गावी रात्री हॉटेलात भांडी घासून दिवसा उतारावर जाणारे तरुण असतात. कमाई कमीत कमी आणि बर्फ जास्तीत जास्त, हा त्यांचा हिशेब. पण तो बहुधा एकट्या जिवाचा असतो. आपल्या पोराच्या मागे आईबाप असतात, बहिणीचे लग्न असते. घरात पीठ नसताना "मी सराव करतो आहे" असे सांगणे हे कसबाचे प्रेम नव्हे, ती जबाबदारीतून पळवाट आहे. घरच्यांची रोजी हलाल मार्गाने मिळवणे ही आपल्या दीनमध्ये इबादतीइतकी मोलाची गोष्ट मानली आहे.

टंगमर्गचाच आरिफ मोहम्मद खान याचे उदाहरण तरुणांच्या तोंडी असते. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे तो एकटाच उतरला आणि जायंट स्लॅलममध्ये 45 वा आला. पण हे नाव घेताना बाकीची हकिकतही सांगावी. त्याच्या वडिलांचे गुलमर्गला स्की-साहित्याचे दुकान होते. लहानपणापासून मुलाच्या पायाखाली बर्फ आणि पाठीशी दुकान होते. तरीही पैसा अपुरा पडल्याने 2018 च्या ऑलिंपिकची त्याची वाट अडली. म्हणजे कसब होते, जिद्द होती, पण हिशेबाची बाजू लंगडी पडल्याने चार वर्षे थांबावे लागले. ज्याच्या मागे दुकानही नाही, त्याने तर वही आधी उघडली पाहिजे.

कागदावरचा हिशेब

ती वही कशी मांडावी, हे उदाहरण घेऊन सांगतो. आकडे आम्ही केवळ समजण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत. धरा, घरखर्च महिना 15 हजार, म्हणजे वर्षाला 1 लाख 80 हजार. उन्हाळ्यात सफरचंदाची बाग, घोडा किंवा गाडी यांतून 90 हजार मिळतात. तूट राहिली 90 हजारांची. बर्फावरच्या एका दिवसाची निव्वळ मजुरी 2 हजार धरली, तर 45 दिवस कमाईला दिलेच पाहिजेत. हंगाम 75 दिवसांचा झाला, तर 30 दिवस उरतात. त्यांतले 10 वादळवाऱ्यात आणि गोंडोला बंद असण्यात जातील. बाकीच्या 20 पैकी 10 दिवस सरावाला आणि बचावाच्या प्रशिक्षणाला द्यावेत, 10 दिवस आणखी कमवावे आणि ते 20 हजार वेगळे ठेवावेत.

हे वेगळे ठेवलेले पैसे कशासाठी? हंगाम 40 दिवसांतच आटोपला तर त्यासाठी. त्या वर्षी सगळे 40 दिवस विकले तरी 80 हजारच येतील आणि 10 हजार कमी पडतील. ज्याच्याकडे गाठीशी 20 हजार आहेत, तो तशा वर्षातही सरावाचे चार-पाच दिवस राखू शकतो. ज्याच्याकडे नाहीत, तो दुकानदाराकडून पुढच्या हंगामावर उचल घेतो, नाहीतर व्याजाच्या कर्जात शिरतो; आणि एकदा उचल घेतली की पुढच्या हिवाळ्याचे दिवस त्याचे राहत नाहीत, ते उचल देणाऱ्याचे होतात. व्याजाची मनाई तर आहेच, पण येथे माणूस पैशाबरोबर आपला वेळही गहाण टाकतो.

रमजान आता हंगामात

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी आतापासूनच ध्यानात घ्यावी. चांद्र वर्ष सौर वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो. 2025 साली तो मार्चच्या आरंभी लागला, तेव्हा हंगाम उतरणीला लागला होता. 2028 साली तो जानेवारीच्या अखेरीस येईल, आणि 2030 साली तर जानेवारीत एकदा व डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा असा दोनदा सुरू होईल. म्हणजे पुढची काही वर्षे रोजे आणि बर्फ एकत्र चालायचे. 1997-98 च्या सुमारासही असेच होते, पण तेव्हा अफरवतवर पाळणा जात नव्हता आणि काम आजच्याइतके उंचावरचे नव्हते.

रोजा ठेवून 13 हजार फुटांवर दिवसभर राबणे सोपे नाही. दम लवकर लागतो, दुपारनंतर लक्ष ढळते, आणि तेथे लक्ष ढळणे म्हणजे जोखीम. म्हणून वरच्या डोंगराची कामे आणि स्वतःचा सराव शक्य तेथे रमजानच्या आधी किंवा नंतर धरावा. त्या महिन्यात सकाळचे, खालच्या उतारावरचे शिकवण्याचे काम घ्यावे. कमाई थोडी कमी होईल हे वहीत आधीच लिहावे. ईदचा खर्चही आता हंगाम संपण्यापूर्वीच येईल, तोही लिहावा. आधी ठरवलेली घट बोचत नाही. अचानक आलेली घट माणसाला कर्जाच्या दारात नेते.

इतरांचे काम

हा सारा भार मजुरावरच टाकणे न्यायाचे नाही. हॉटेलवाले, दुकानदार आणि सहलीचे ठेकेदार उस्तादाला रोजावर राबवतात. गिऱ्हाईक नाही तर पैसे नाहीत. त्यांनी हंगामापुरता ठरलेला पगार आणि आठवड्याला एक मोकळा दिवस दिला, तर त्यात त्यांचाही फायदा आहे. चांगल्या उस्तादामुळे पाहुणा पुढच्या वर्षी परत येतो. महाराष्ट्रातून काश्मीरला जाणाऱ्या आपल्या वाचकांनीही दर आधी ठरवावा, मग घासाघीस करू नये, आणि मजुरी त्याच दिवशी हातावर ठेवावी. मजुराचा हक्क वेळेवर देण्याची ताकीद आपल्याला आहे.

रत्नागिरीच्या आंबेवाल्याला आणि दर पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढणाऱ्या दर्यावर्द्याला हे सारे निराळे वाटणार नाही. त्यांचाही हंगाम ठरलेला आणि पोट बारमाही. कुरआनातील एका सूरहचे नावच काळावरून आहे, याचा अर्थ व्यापाऱ्याने तरी विसरू नये. पैसा गेला तर पुढच्या हंगामात मिळतो. बर्फाचा गेलेला दिवस वितळून खाली वाहून जातो. म्हणून पहिला बर्फ पडण्याआधी एका संध्याकाळी घरच्यांना सोबत घेऊन कागदावर दिवस मांडावेत: इतके घरासाठी, इतके कसबासाठी, इतके आराम आणि इबादतीसाठी. मग अल्लाहवर भरवसा ठेवून उतारावर जावे. बरकत त्याच्या हाती आहे. हिशेब आपल्या हाती आहे.