नुसता चालू असलेला टीव्ही

आमच्या घरात टीव्ही बघितला जात नाही, तो चालू असतो. संध्याकाळी सहाला बटण दाबलं की थेट रात्री दहापर्यंत. ही मेथी निवडते, मी पेपर वाचतो, नातू सुट्टीला आला की त्याचं डोकं मोबाइलमध्ये. मालिकेत काय चाललंय ते तिघांपैकी एकालाही सांगता येणार नाही. मी कुरकुर केली की ही म्हणते, "असू द्या हो, तेवढीच सोबत."

माझा राग आहे तो या सोबतीवरच.

जानेवारी १९८७ मध्ये रामानंद सागरांचं 'रामायण' सुरू झालं तेव्हा आम्ही पंचवटीत सीतागुंफेजवळच्या एका वाड्यात भाड्याने राहत होतो. वाड्यात टीव्ही एकच, तोही ब्लॅक अँड व्हाइट. रविवारी साडेनऊला त्याच्यापुढे तीस-पस्तीस माणसं. राम-सीता पंचवटीला आले त्या रविवारी तर भांडणच झालं. चित्रीकरण गुजरातेत उंबरगावचं, आणि बघणाऱ्या म्हाताऱ्या रोज रामकुंडावर जाणाऱ्या! "ही कुठली गं पंचवटी?" अशी एकीने हरकत घेतली, दुसरीने तिला दटावून गप्प केलं. लक्ष होतं म्हणून हरकत होती.

तेच रामायण लॉकडाउनमध्ये २८ मार्च २०२० पासून पुन्हा लागलं, दिवसातून दोनदा. आता टीव्ही रंगीत, माणसं दोनच, आणि वेळच वेळ. मी शब्दकोडं सोडवत ते 'बघितलं'. पंचवटी कधी आली नि गेली, पत्ता नाही.

कुणी म्हणेल, रेडिओ नव्हता का असाच चालू? होता. पण रेडिओ फक्त कान मागतो, हात मोकळे ठेवतो. टीव्ही डोळे मागतो, आणि डोळे एका वेळी एकीकडेच असतात.

मालिकावाल्यांनाही हे पक्कं ठाऊक आहे. एका धक्क्यावर तीन चेहरे तीन-तीनदा, ढॅण ढॅण ढॅण! स्वयंपाकघरातल्या बाईने मान वर करावी म्हणून. २०२४ च्या अखेरीस एका अमेरिकन मासिकात काही पटकथालेखकांनी सांगितलेलं छापून आलं, की नेटफ्लिक्सचे अधिकारी सुचवतात, पात्र काय करतंय ते त्याच्याच तोंडून वदवा, म्हणजे नुसतं लावून ठेवणाऱ्यालाही कळेल. आपण बघत नाही म्हणून ते तसं लिहितात, आणि तसं लिहिलेलं बघावंसं वाटत नाही. दोष त्यांना किती द्यायचा?

गेल्या वर्षी माझा एक जुना सहकारी घरी आला. त्याची बायको जाऊन महिना झाला होता. मी टीव्हीचा आवाज कमी केला, बंद केला नाही. तो तिच्या शेवटच्या रात्रीबद्दल सांगत होता आणि माझी नजर घटकाघटकाला पडद्याकडे. मधेच तो थांबला. मला वाटलं, चहाची वाट बघतोय. "चल, निघतो," म्हणाला. ती रात्र मी अजून पूर्ण ऐकलेली नाही, आणि आता विचारू कोणत्या तोंडाने? तेहतीस वर्षं वर्गात पोरांना "लक्ष कुठाय?" म्हणून खडू मारणारा मास्तर मी!

परवा हिला म्हटलं, मालिका एकच निवड. मेथी आधी संपवू, मग साडेआठला दोघं बसू, नऊला बंद.

"आणि सहा ते साडेआठ काय करायचं?"

"बोलू की."

तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.