विरेचनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम

अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘कॅथार्सिस’ला मराठीत ‘विरेचन’ हा वैद्यकातला शब्द चिकटला आणि मराठीच्या वर्गात एक सोयीचा गैरसमज कायमचा वस्तीला आला. एम.ए.च्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणालाही तो परिचयाचा आहे. शोकात्मिका पाहताना करुणा आणि भीती यांचे विरेचन होते. त्यामुळे प्रेक्षकाचे मन स्वच्छ होते. म्हणून कला हे मनाचे औषध आहे. वास्तविक शोकात्मिकेच्या व्याख्येत हा शब्द एकदाच येतो, अ‍ॅरिस्टॉटल तेथे त्याचा काहीही खुलासा करीत नाही, आणि त्याचा अर्थ रेच की शुद्धी की आकलन यावरचा वाद अजून मिटलेला नाही. हे सारे त्याच उत्तराच्या आधीच्या परिच्छेदात विद्यार्थ्याने लिहिलेले असते. तरी शेवटचे वाक्य ठरलेलेच.

उत्तरपत्रिकेत होता तोवर हा गैरसमज निरुपद्रवी होता. आता त्याला अभ्यासक्रम व्हायचे आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर प्रत्येक विभागाकडे रोजगाराभिमुख, कौशल्याधिष्ठित, दोन-दोन क्रेडिटांचे अभ्यासक्रम मागितले जातात. मराठी विभागांचा पट घसरतो आहे आणि आमच्या नोकऱ्या त्याच पटावर उभ्या आहेत, तेव्हा या मागणीला नाक मुरडण्याइतके आम्ही सोवळे नाही. पण या गरजेतून ‘कला व साहित्याद्वारे समुपदेशन’ अशा थाटाची जी प्रकरणे निघू लागली आहेत, त्यांतला एक मसुदा आमच्याकडे मतासाठी आला. दोन क्रेडिट, तीस तास, शेवटी प्रमाणपत्र. एक घटक रंगांच्या मानसशास्त्रीय अर्थांचा आणि त्यात एक तक्ता: लाल म्हणजे राग, काळा म्हणजे नैराश्य, पिवळा म्हणजे आशा. कपाळावरचे कुंकू, वारकऱ्याचा बुक्का आणि जेजुरीचा भंडारा यांची या तक्त्यात काय वाट लावायची, ते मसुदाकारांनी सांगितलेले नाही. तीस तास पुरे झाले की विद्यार्थ्याने दुःखी माणसापुढे बसावे आणि त्याचे चित्र ‘वाचावे’ अशी अपेक्षा आहे.

आमचा या प्रकाराला विरोध आहे. कलोपचार थोतांड आहे म्हणून नव्हे. ती एक कष्टसाध्य विद्या आहे म्हणून.

ही विद्या कशी उभी राहिली ते थोडक्यात पाहू. एड्रियन हिल हे ब्रिटिश चित्रकार क्षयाने आजारी पडून १९३८ मध्ये आरोग्यधामात होते. तेथे ते स्वतः चित्रे काढू लागले, पुढे इतर रुग्णांनाही त्यांनी त्यात ओढले, आणि १९४२ मध्ये ‘आर्ट थेरपी’ हा शब्दप्रयोग केला. १९४६ मध्ये एडवर्ड अ‍ॅडमसन हे दुसरे चित्रकार सरे परगण्यातल्या नेदर्न या मनोरुग्णालयात दाखल झाले आणि १९८१ पर्यंत तेथे राहिले. रुग्णांच्या चित्रांचा अर्थ आपण सांगायचा नाही, हा त्यांचा दंडक होता. ते जागा देत, कागद-रंग देत आणि तेथे असत. आमच्या व्यवसायातल्या माणसाला ही गोष्ट जवळजवळ अशक्य वाटावी.

तिसरे नाव एडिथ क्रेमर यांचे. व्हिएन्नात जन्मलेल्या क्रेमर या फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांच्या विद्यार्थिनी. प्रागमध्ये निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकवण्याचे काम त्यांनी फ्रीडल यांच्याबरोबर केले आणि १९३८ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या. फ्रीडल मागे राहिल्या. तेरेझिनच्या नाझी छावणीत त्यांनी मुलांना चित्रे काढायला शिकवले आणि १९४४ च्या ऑक्टोबरात आउश्वित्झला त्यांची हत्या झाली. मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे दोन बॅगांतून वाचली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. क्रेमर यांनी पुढे न्यूयॉर्कमध्ये वंचित, बिथरलेल्या मुलग्यांबरोबर वर्षानुवर्षे काम केले, त्यावर १९५८ मध्ये पुस्तक लिहिले, आणि न्यूयॉर्क विद्यापीठातला या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभारला. ‘तिसरा हात’ ही त्यांची संकल्पना आम्हांला फार मोलाची वाटते. मुलाचे चित्र कोसळू लागले तर उपचारकाने हात द्यायचा, पण तो असा, की चित्रात उपचारकाची शैली, आवड किंवा अर्थ उतरता कामा नये. लाल शाईच्या पेनाने दुसऱ्याची ओळ दुरुस्त करण्यात वीस वर्षे घालवलेल्या आम्हां लोकांना असा हात उगवायला किती काळ लागेल?

त्यांच्या समकालीन मार्गारेट नाऊम्बर्ग यांचे मत वेगळे होते. चित्र ही त्यांच्या लेखी अबोध मनाची बोली. चित्र काढणाऱ्यानेच त्याविषयी मोकळे बोलावे आणि त्या बोलण्यातून उपचार व्हावा. क्रेमर म्हणत, की चित्र घडण्यातच उपचार आहे आणि म्हणून ते चांगले घडणे महत्त्वाचे आहे. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’तला लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांचा ताण ज्यांनी परीक्षेपुरता का होईना वाचला आहे, त्यांना हा वाद ओळखीचा वाटेल. फरक इतकाच, की त्या दोघींपुढे खरी मुले बसलेली होती.

आता शिक्षणाकडे येऊ. अमेरिकेत या विषयाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम १९६७ मध्ये फिलाडेल्फियाच्या हानेमान वैद्यकीय महाविद्यालयात निघाला आणि १९६९ मध्ये व्यावसायिकांची संघटना स्थापन झाली. आज तेथे प्रवेशासाठीच प्रत्यक्ष कलाकामाचे अठरा आणि मानसशास्त्राचे बारा क्रेडिट लागतात, शिवाय स्वतःच्या कलाकृतींचा संच दाखवावा लागतो. पुढे किमान साठ क्रेडिटांची पदवी आणि तीत किमान सातशे तास रुग्णालयात, शाळेत किंवा निवाऱ्यात देखरेखीखाली काम. त्यांतले निम्मे तास माणसांसमोर बसून. पदवीनंतर नोंदणीसाठी आणखी देखरेखीखालचे काम. बऱ्याच ठिकाणी पदवीचे नावच ‘कलोपचार आणि समुपदेशन’ असे जोड असते. यात तत्त्वज्ञानापेक्षा व्यवहार अधिक आहे: अनेक राज्यांत कलोपचारकाला स्वतंत्र परवाना नाही, समुपदेशकाला आहे, आणि परवान्याखेरीज विमा कंपनी पैसे देत नाही. फीही जबर असते. ते सर्व आदर्श आहे असा आमचा दावा नाही.

पण त्या सातशे तासांत काय होते, ते पाहण्याजोगे आहे. आपल्याकडे ‘सुपरव्हिजन’ म्हणजे परीक्षेच्या वर्गात येरझारा घालणे. तेथे विद्यार्थिनी आठवड्याचे काम, टिपणे आणि शक्य तेथे चित्रेही घेऊन अनुभवी उपचारकापुढे बसते. चित्राचा अर्थ काय, हा प्रश्न तेथे सहसा पहिला नसतो. ते पाहताना तुला काय वाटले, तो माणूस गप्प असताना तू मध्येच का बोललीस, तू ओली माती त्याच्यापुढे का ठेवलीस, असे प्रश्न असतात. शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. पेन्सिल, खडू ही आवरून धरणारी साधने. पातळ रंग, ओली माती ही सैल करणारी. जो माणूस आधीच स्वतःला कसाबसा बांधून बसला आहे, त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी बादलीभर रंग ठेवला तर काय होईल, हे तक्त्यातून कळत नाही. ब्रिटनमध्ये तर शिकणाऱ्याने शिक्षणकाळात स्वतःही मानसोपचार घेणे बंधनकारक आहे, आणि ‘आर्ट थेरपिस्ट’ ही संज्ञा कायद्याने राखीव आहे. नोंदणीवाचून ती लावणे हा गुन्हा ठरतो. आपल्याकडे ती शनिवार-रविवारच्या कार्यशाळेनंतर व्हिजिटिंग कार्डावर येते.

यावर आमचे काही सहकारी म्हणतात, आपल्याकडे रससिद्धान्त असताना पश्चिमेकडे कशाला पाहायचे? बरे, रससिद्धान्ताकडे पाहू. अभिनवगुप्ताने रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले एक ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाने ग्रासून जाणे. अशा माणसाला रसप्रतीती होत नाही. त्याला त्यातून बाहेर काढण्यासाठी गीत, वाद्य, नेपथ्य इत्यादींची योजना असते. भावनेचे ‘माझी’, ‘त्याची’ हे पाश सुटून साधारणीकरण व्हावे, तेव्हा रस. कलोपचारकाकडे येतो तो नेमका हा विवश माणूस. त्याचे दुःख त्याचेच असते, त्याचे साधारणीकरण करायला गेल्यास तो उठून जाईल आणि ते योग्यच होईल. ‘अरे, हे तर साऱ्यांचेच आहे’ हे वाक्य काव्यसमीक्षेत स्तुतीचे आहे. आत्महत्येच्या विचारात असलेल्या मुलापुढे ते क्रूर आहे. साहित्याचे प्रशिक्षण आणि उपचाराचे प्रशिक्षण यांची तोंडे दोन दिशांना आहेत, हे आपल्याच परंपरेने इतके स्वच्छ सांगितले असताना तिच्याच नावाने घोळ घालू नये.

दुसरा आक्षेप अधिक हृद्य आहे. जात्यावरच्या ओव्यांनी बायकांची दुःखे हलकी केली नाहीत काय? केली असतील. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या खटपटीने जमलेल्या लाखावर ओव्यांपुढे कोणीही नम्रच व्हावे. पण जात्यापाशी एक दळणारी असते, कधी सोबतीण असते, उपचारक नसते. कोणी कोणाची जबाबदारी घेतलेली नसते, आणि ओवीने दुःख हटले नाही तर जाब विचारावा असे कोणी नसते. उपचार ही जबाबदारी आहे. तिच्यात अपयश येऊ शकते आणि ते मोजलेही जाते. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर गटातल्या कलोपचाराची चाचणी झाली. २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष आले: नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ दिसला नाही, अनेक रुग्ण तर सत्रांना फारसे आलेच नाहीत. त्यावर त्या व्यवसायात पुष्कळ वाद झाला. कोणाला, कधी, कोणत्या स्वरूपात हा उपचार द्यावा, असे प्रश्न त्यांना स्वतःला विचारावे लागले. ‘साहित्य मनाला उभारी देते’ या आमच्या वाक्याची अशी परीक्षा कधी झाली? ते वाक्य हरूच शकत नाही, म्हणून ते व्याख्यानाच्या शेवटी इतके शोभते.

प्रश्न वर्गाबाहेरचा नाही. मराठीच्या प्रत्येक अध्यापकाकडे केव्हा ना केव्हा एक वही येते. कवितांची. देणारी किंवा देणारा विद्यार्थी ‘सर, जरा बघा’ किंवा ‘मॅडम, वेळ मिळाला तर’ एवढेच म्हणतो. त्या वहीत विहीर असते, दोर असतो, न उजाडणारी रात्र असते. ही मर्ढेकरी वळणाची उसनी प्रतिमासृष्टी आहे की रात्री झोप न लागणाऱ्या एकोणीस वर्षांच्या जिवाचे साधे निवेदन आहे, हे ओळखण्याचे शिक्षण आम्हांला कोणी दिलेले नाही. आमचे शिक्षण सांगते, की ‘मी’ म्हणजे कवी नव्हे. समीक्षेत ते बरोबरच आहे. वहीच्या बाबतीत माणसाने शब्दशः विचारावे, ‘तू सुखरूप आहेस ना? घरी कोणाला सांगितलेस का?’ आणि प्रशिक्षित माणसापर्यंत त्याला पोचवावे. तीस तासांचे प्रमाणपत्र मिळालेला अध्यापक मात्र त्याला पोचवणार नाही. तो स्वतःच वही ‘वाचायला’ बसेल. आम्हांला भीती आहे ती याची.

कायद्याचे म्हणाल तर २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात कलोपचारक आहे, पण ‘मूव्हमेंट थेरपिस्ट’ या नावापुढच्या कंसात, नृत्योपचारकाच्या शेजारी. कंसात का होईना, जागा मिळाली. त्या जागेला साजेसे शिक्षण मराठी मुलखात कोठे उभे करायचे, हा विचार कोणी करावा? पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मुंबईत १८५७ पासून जे. जे. कला महाविद्यालय आहे. विद्यापीठांत मानसशास्त्राचे विभाग आहेत. यांनी एकत्र येऊन दोन वर्षांची, देखरेखीसह, पुरेशा तासांची पदवी उभारली तर आम्ही मराठीचे लोक तिच्या दारात आनंदाने उभे राहू. चालक म्हणून नव्हे, एक-दोन विषय शिकवणारे म्हणून.

कारण आमच्याकडे एक गोष्ट आहे, जी तेथे लागेल. रुग्ण पाठ्यपुस्तकातल्या भाषेत बोलत नाही. तो ‘डिप्रेशन’ म्हणत नाही, ‘अवसाद’ तर त्याने ऐकलेलाही नसतो. जीव लागत नाही, जिवाची घालमेल होते, डोके जड पडते, काळजात कालवाकालव होते, मन उडाले, अंगात वारे येते, असे तो म्हणतो. यांतले कोणते वाक्य चारचौघांतल्या वैतागाचे, कोणते देवाधर्माच्या जगातले आणि कोणते ऐकताच सावध व्हावे असे, हे रत्नागिरीत एक आणि नागपुरात दुसरे असू शकते. इंग्रजी प्रश्नावल्यांची शब्दशः भाषांतरे पुढे ठेवून हे कळणार नाही. बोलींचा, म्हणींचा, ओव्यांचा, निवेदनाच्या धाटणीचा अभ्यास आम्ही इतकी वर्षे करीत आहोत. हा शब्दसंग्रह प्रदेशवार गोळा करणे, तो मानसोपचारतज्ज्ञांसोबत बसून तपासणे आणि शिकणाऱ्यांच्या हाती देणे हे काम एखादा मराठी विभाग उद्यापासून सुरू करू शकतो. त्यासाठी कोणाला प्रमाणपत्र द्यावे लागत नाही. मसुद्यावरचे आमचे मत आम्ही या सूचनेसह लेखी कळवले आहे, आणि रंगांचा तक्ता काढून टाकावा, असेही.